मातेरं कोणाचं

सोम. ६ ऑक्टो.

वॉचमननं आज धान्याच्या मोंढ्याच्या गेटावर अडवलं. आडवा दांडा टाकून उभा. म्हणे बिल्ला दाखवा. ह्याच्या बापाला मी मोंढ्यात बिड्या मागताना बघितलंय, आणि ह्याला माझा बिल्ला पाह्यजे. म्हणलं, बिल्ला हमालाला असतो, मी काय हमाल हाये का. तर म्हणतो, "मंग आत काय काम?"

दांड्याखालून वाकून गेले. मागून माझ्यासोबत चाळणारी गयाबाई बी आली. तिची कंबर वाकलेलीच हाये, तिला वाकायची गरज पडली न्हाई.

आत गेल्यावर कळलं. कोणाच्या तरी दुकानापुढून सोयाबीनची पोती चोरीला गेली. म्हणून दिवाळीनंतर ज्याच्या छातीवर बिल्ला त्यालाच गेट उघडणार. हमालांचे बिल्ले हायेत, पितळी, त्यांच्या संघटनेनं मिळवलेले. आम्हा चाळणीवाल्या, माल चाळून झाडणाऱ्या बायांना न्हाईत. कव्हाच नव्हते. लागलेच न्हाई.

चोरी केली ट्रक लावून. धरलं कोणाला, झाडूवालीला.

बोललं की भांडण होतं. म्हणून लिहून राह्यले. चौथीपर्यंतचं जेवढं येतं तेवढं.

मंग. ७ ऑक्टो.

रंगनाथअण्णाकडं गेल्ते. हमाल संघटनेचे अध्यक्ष. आधी आमच्या ह्यांच्या बराबरीनं पोती उचलायचे, आता सदऱ्याला चुरगळी पडू देत न्हाईत.

म्हणलं, आम्हाला बी बिल्ले द्या.

"वहिनी, बिल्ला हमालाचा. हमाल म्हणजे पाठीवर पोतं घेतो तो."

म्हणलं, माल आम्ही चाळतो. पोत्याचं तोंड आम्ही धरतो. तुमच्या हमालाच्या पाठीवर चढवायला खालून हात आम्ही देतो.

"ते खरंय. पण बाई हमाल, असं कुठं असतंय का? त्याला शब्द तरी हाये का?"

हमालीण म्हणा.

हसले. तिथं बसलेले सगळे हसले. मला बी हसू आलं, आणि त्याचाच राग आला. अख्ख्या रस्त्यानं आला.

शुक्र. १० ऑक्टो.

ह्यांना सांगितलं. सांगितलं तेच चुकलं. पाठ गेल्यापासून कमरेला पट्टा बांधून घरीच असतात, ऐकणारं कोणी सापडलं की संपाची गोष्ट सुरू. मला तोंडपाठ. संघटना नव्हती तव्हा मुनीम हमालाला 'ए' म्हणायचा. नाव घेत नव्हता. पोतं अख्ख्या क्विंटलचं. पाय घसरून पडला माणूस तर आधी पोतं फाटलं का ते बघायचे. मंग हमाल एक झाले, संप केला, मोंढा बंद पाडला. पोतं निम्म्याचं झालं. पाणपोई आली, बसायला शेड आलं. आणि 'ए' चे रावसाहेब झाले. रावसाहेब म्हणजे हेच.

खरंय सगळं. मी न्हाई म्हणत न्हाई. मुनीमनं पहिल्यांदा नावानं हाक मारली त्या दिवशी घरी आले तर दारातून आत मावत नव्हते. मला बी बरं वाटल्तं.

पण मी विचारलं, त्या संपात आम्ही बायांनी बी चाळण्या उपड्या टाकल्त्या, ते कुठंय तुमच्या गोष्टीत?

म्हणे, "तुम्ही होत्या व्हय?"

होत्या व्हय.

तांब्या आपटला. पोचा पडला. आता तो बी माझ्याच नावावर.

रवि. १२ ऑक्टो.

जालन्याहून वैशालीताई आल्या. असंघटित बायांचं काम बघतात. घरकामवाल्या, वीटभट्टीवाल्या, अशा. माझ्या मामेबहिणीनं नंबर दिल्ता. एस.टी. उशिरा, आम्ही शेडात बसून. सगळ्यांना सांगितल्तं, आल्या थोड्याच. एकीकडं पाहुणे. एकीचा नवरा सोडत न्हाई. एकीनं तर विचारलं, मीटिंगमध्ये काही वाटणार हायेत का. असंघटित म्हणजे काय ते ताईला समजून सांगायची गरजच पडली न्हाई.

ताईनं पहिलं विचारलं, "मजुरी काय मिळते तुम्हाला?"

सगळ्या हसल्या. ग.बाई म्हणली, "मातेरं."

"म्हणजे?"

"अव माय, माल चाळताना, भरताना खाली सांडतो. मातीत मिसळतो. तो झाडायचा, घरी न्यायचा, सुपात पाखडायचा. निघंल ते आपलं. तीच मजुरी."

"आणि शेठ काय देतो?"

"शेठ झाडू देतो."

ताईनं हातातली वही मिटली. मंग म्हणल्या, "मावशी, इथंच अडलंय सगळं. उद्या शेठ म्हणणार, ह्या माझ्याकडं कामाला न्हाईतच. सांडलेलं वेचायला येतात, मी येऊ देतो. कामगार म्हणून बिल्ला मागायचा तर आधी मातेरं सोडा. मजुरी मागा."

ग.बाई उठलीच. "सोडा म्हणे. माझ्या सासूनं हे मातेरं भांडून मिळवलंय. तव्हाचा शेठ झाडू द्यायचा न्हाई, दुकानाच्या दारात आडवी झालती ती. तव्हा कोणाची संघटना नव्हती. लेकरं वाढवली मी ह्याच्यावर. तू काल आली आणि सोडा म्हणती."

गेली. तिच्या मागं आणखी दोघी गेल्या. पदर झटकत, जसं काही ताईनंच धूळ उडवली.

ताईचं तोंड उतरलं. म्हणलं, मनावर घेऊ नका, माझ्याशी तर ती याच्याहून वाईट बोलते.

सोम. १३ ऑक्टो.

ताई बराबर. ग.बाई बी बराबर. म्हणून तर डोकं उठलंय. एक जण चूक असला की बरं असतं.

मंग. १४ ऑक्टो.

मनोहरशेठला विचारलं. आम्ही जास्त करून त्याच्याच आडतीच्या दुकानापुढं असतो. म्हणलं, शेठ, बिल्ल्याचं आमच्यासाठी दोन शब्द बोला. तो गोड बोलतो, हेच वाईट. शिव्या देणारा परवडला, त्याला उलटून बोलता येतं.

"द्वारकाबाई, तुम्ही मला घरच्यासारख्या. पण मी तुम्हाला कामाला कव्हा ठेवलं, सांगा बरं? सांडलेलं नेता, मी कव्हा न्हाई म्हणलं का? तेवढंच आमचं पुण्य."

यंदा सोयाबीन पावसात भिजलेलं. ढेकळं, काळे दाणे, अर्धी माती. चाळून चाळून खांदा वर होत न्हाई, वेणी घालायला सूनबाईला बोलवावं लागतंय. खांदा माझा, पुण्य ह्याचं.

गुरु. १६ ऑक्टो.

ठरलं. शनिवारी धनतेरस. दिवाळीच्या आधीचा दिवस म्हणजे मोंढा तुडुंब, ज्याला त्याला माल मोकळा करायची घाई. त्या दिवशी चाळणीला हात लावायचा न्हाई. झाडायचं बी न्हाई. मातेरं पडू द्यायचं जागेवर. बघू कोण म्हणतंय आम्ही कामाला न्हाईत.

वै. ताईनं फोनवर बजावलं, "मातेऱ्याला हात लावायचा न्हाई मावशी. तेवढं सांभाळा."

घरोघर फिरले. सगळ्या हो म्हणल्या. ग.बाई तर लगेच हो म्हणली. तव्हाच शंका यायला पाह्यजे होती.

शनि. १८ ऑक्टो.

संप झाला. कोणाला कळलाच न्हाई.

सकाळी बराबर चाललं होतं. आम्ही शेडात बसून. शेतकरी ढिगाशेजारी उभे, कुरकुर सुरू. शेठ दोनदा बाहेर येऊन बघून गेला. जसं पाह्यजे तसं. मी अण्णाला सांगायला गेले की बघा आमचा बी संप हाये, तेवढ्यात. परत येते तर ग.बाई झाडून राह्यली. तिच्या मागं तिची सून. मंग काय, सगळ्याच.

म्हणलं, हे काय चाललंय?

"द्वारका, धनतेरस हाये आज. लोक त्याच्यावरून चालून राह्यले. दाणा पायाखाली येऊन राह्यला. लक्ष्मी हाये ती. मला न्हाई बघवत."

"बाई, संप हाये आपला."

"संप चाळणीचा. हे मी नुसतं उचलून राह्यले."

आणि झाडलं बी कसं. सणाचं म्हणून. कोपरे काढून, भिंतीच्या कडेनं, ट्रॅक्टरखाली वाकून. वर्षभरात असं झाडलं न्हाई कोणी. चाळायचं राहिलं ते शेतकऱ्यांनी घाईत आपलं आपण कसंतरी उरकलं, सण होता, भाव पडला तरी घेऊन गेले.

शेठ बाहेर आला. कंबरेवर हात ठेवून सगळं बघितलं. "काय, काम बंद म्हणत होत्या ना? मला तर रोजच्यापेक्षा चकाचक दिसून राह्यलं." मंग चार दुकानांना ऐकू जाईल असं, "बघा, काम न्हाई केलं तरी मातेरं न्यायचं चुकलं न्हाई. मी काय म्हणतो मंग?"

मी ग.बाईला नाही नाही ते बोलले. ती बी बोलली. सूप फेकलं माझ्या अंगावर. लागलं न्हाई, पण फेकलं.

ताईचे फोन येऊन राह्यले. उचलला न्हाई. काय सांगू, आमच्या संपानं मोंढा स्वच्छ झाला म्हणून?

मंग. २१ ऑक्टो.

लक्ष्मीपूजन. केरसुणीला हळदकुंकू वाहिलं. हे म्हणाले, "जरा भावनेनं वाहा." म्हणलं, वर्षभर माझ्याच हातात असते, आमची भावना आम्हाला माहीत.

गुरु. २३ ऑक्टो.

भाऊबीज. कुंभार पिंपळगावला गेल्ते, दिगूकडं, शेती करणाऱ्या माझ्या भावाकडं. बस खच्चून भरलेली, उभ्यानं. ओवाळलं. जेवायच्या आधी त्याला संपाची फजिती सांगितली, हसत हसत. भावजय हसली. हा हसला न्हाई.

"आक्का, सांडतो तो माल कोणाचा असतो?"

"शेठच्या दुकानापुढं सांडतं."

"सांडतं दुकानापुढं. पण मापाच्या आधी सांडतं का मागून?"

"आधी. चाळताना."

"मंग? माप झाल्यावर माल शेठचा. मापाच्या आधी माझा. माझ्या पोत्यातलं सांडतं, ते तू मजुरी म्हणून नेती, आणि पुण्य शेठला?"

इतकी वर्षं वाकून झाडलं, हे डोक्यात आलं न्हाई. म्हणलं, तू कव्हा बोलला न्हाईस.

"बहिणीला मातेऱ्याचं काय बोलावं? तू नेती म्हणून गप. बाकीचे गप नसतात. झाडूवाल्या मुद्दाम सांडतात, असं म्हणतात सगळे."

मुद्दाम सांडतात. मला म्हणतात हे, जिनं पोत्याचं तोंड सैल धरलं न्हाई कव्हा.

भावजय म्हणली, आता जेवा, थंड होऊन राह्यलं. जेवले. पुरणपोळी होती, चव लागली न्हाई. म्हणजे शेतकरी आम्हाला चोर समजतो आणि शेठ भिकारी. मजुरी देतोय दिगू, आणि ती त्याला विचारून कोणी घेतली न्हाई.

शुक्र. २४ ऑक्टो.

ग.बाईकडं गेले. शनिवारपासून अबोला. ती पाखडून राह्यली, माझ्याकडं पाठ. मी पाठीलाच सांगितलं सगळं. दिगू काय म्हणला ते.

सूप थांबलं.

"म्हणजे सासूनं भांडून घेतलं ते शेठचं नव्हतंच?"

न्हाई.

मला वाटलं परत फेकती. पण बसून राहिली. त्या बाईला मी अशी कव्हा बघितली न्हाई, हातात काम न्हाई आणि तोंड बंद. मंग म्हणली, "शेठशी भांडली माय माझी सासू. चुकीच्या माणसाकडं मागितलं म्हणायचं."

"मागितलं बराबर. त्यानं दिलं दुसऱ्याचं."

"मंग ज्याचं त्याला देऊन टाकावं. पण पायाखाली पडू द्यायची न्हाई मी. सांगून ठेवते. झाडीन, पाखडीन, आणि त्याच्या त्याच्या पोत्यात ओतीन."

तिला वाटलं ती धर्माचं बोलली. मला पुढचं दिसलं, मातेरं नेलंच न्हाई तर आम्ही वेचायला येतो असं शेठ कसं म्हणणार. बाहेर आले आणि ताईला जल्दी फोन लावला. ताई ऐकून म्हणल्या, "मावशी, हे मला सुचलं नव्हतं." म्हणलं, मला बी न्हाई.

सोम. २७ ऑक्टो.

मोंढा उघडला. गेटावर दांडा. वॉचमनच्या अंगात दिवाळीचा नवा शर्ट, त्यामुळं आणखीनच कडक. बिल्ला न्हाई तर आत न्हाई. उभ्या राहिलो. आत ट्रॅक्टरची रांग, माल येऊन पडलेला, चाळणार कोणी न्हाई. शेवटी मनोहरशेठच आला चपला फटफटवत. "सोड रे त्यांना, कामं खोळंबली."

वॉचमन म्हणला, महिनाअखेरपर्यंत सोडतो, पुढं माझ्या हातात न्हाई.

चाळलं सगळं. झाडलं. तिथंच सुपात पाखडलं. माप व्हायच्या आधी दाणा ज्याचा त्याच्या पोत्यात ओतला. तीर्थपुरीचा एक म्हातारा म्हणला, "बाई, तुमचं चुकून माझ्यात पडलं." म्हणलं, तुमचंच हाये बाबा. त्याला पटेना. पोत्यात हात घालून बघितलं, खडे तर टाकले न्हाईत ना. दुसरा म्हणला, "इतके दिवस कुठं गेल्ता हा धर्म?" ऐकून घेतलं. त्याचं बी काय चुकलं.

संध्याकाळी सगळ्या मिळून शेठच्या गादीपुढं उभ्या राहिलो. रिकाम्या हातानं. म्हणलं, शेठ, आज सांडलेलं काहीच नेलं न्हाई. माल सगळा चाळून दिला. आता सांगा, आम्ही आज इथं कशाला आल्तो?

"मी सांगितल्तं का परत ओतायला?"

आमच्यातली एक बी हलली न्हाई.

"तुमची मर्जी होती, तुम्ही ओतलं." मंग पंखा बंद केला, लाईट बंद केली, आम्ही उभ्याच. शटरसाठी जागा द्या म्हणला. दिली.

घरी हे म्हणाले, आज काय आणलं. म्हणलं, हात. दोन्ही.

बुध. २९ ऑक्टो.

काल बी तसंच केलं, शेठ काल बी तसाच गेला. आज चाळण्या उपड्या. ग.बाईची लक्ष्मी सांभाळायची म्हणून आधीच शेतकऱ्यांना सांगितलं, ताडपत्री अंथरा, ढीग तिच्यावरच करा. परवा पोत्यात दाणा परत पडलेला बघितल्तं त्यांनी, कोणी तोंड वाकडं केलं न्हाई. सांडायचा प्रश्नच मिटला. ग.बाई शेडात मांडी घालून बसली, महाराणीसारखी.

माल तसाच, ढेकळांसकट. खरेदीवाला भाव लावीना. शेठनं हमालांना सांगितलं, तुम्ही चाळा. हमाल म्हणले, ते आमच्यात येत न्हाई. शेठनं अण्णाला बोलावून घेतलं. अण्णा आले, आणि खरं सांगते, ताठ उभे राहिले. जुने अण्णा दिसले जरा वेळ.

"शेठ, आमच्या करारात चाळणं न्हाई. ते बायांचं काम हाये."

मी मागंच उभी होते. म्हणलं, अण्णा, परत म्हणा.

"काय?"

"आता म्हणले ते."

"ते बायांचं का..."

अर्ध्यात थांबले. शेठकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हमालांतला कोणीतरी मागून म्हणला, "अण्णा, अडकले." हशा झाला. ह्या वेळेला आमच्यावर नव्हता.

शेठ आत निघून गेला. माल संध्याकाळपर्यंत तसाच पडून. म्हणजे पडून न्हाई, ताडपत्रीवर.

शुक्र. ३१ ऑक्टो.

संघटनेच्या हापिसात बसलो. ताई, अण्णा, ग.बाई, मी. भिंतीवर जुन्या पुढाऱ्यांचे फोटो, हार वाळून गेलेले. खालचा हॉल लग्नाला देतात, पायरीवर अजून अक्षता होत्या. ग.बाईनं त्या बी वेचायला घेतल्या, मी हात धरला.

ताई म्हणल्या, "अण्णा, किती सभासद राहिले? आता ट्रकसोबतच माणसं येतात, ठेकेदाराची. त्यांना बिल्ला न्हाई, करार न्हाई. तुमची पोरं बी हमाली करायला तयार न्हाईत. संघटना टिकायला माणसं लागतात."

"माणसंच म्हणतो ना मी बी."

ग.बाई म्हणली, "मंग आम्ही काय शेरडं हायेत?"

अण्णा हसले न्हाईत. म्हणले, "वहिनी, खरं बोलू? बाया आल्या की शेठ लोक म्हणणार, करार नवा करा. नवा करार म्हणजे आता हाये ते बी हातचं जाईल. तो जुना करार आम्ही कसा मिळवला ते रावसाहेबाला विचारा. ताईला काय, ताई संध्याकाळच्या गाडीनं जालन्याला जाणार."

ताईनं पिशवी जवळ ओढली. गाडी संध्याकाळचीच होती.

खोटं न्हाई बोलले अण्णा. भ्यालेत. पण मला ज्याचा ताप येतो ते हेच, ज्याला त्याला आपलं हाये तेवढं धरून ठेवायचं. आम्ही मातेरं धरलं, ह्यांनी करार. मुठी सगळ्यांच्याच बंद. आम्ही आमची उघडली ना?

गेट आजपर्यंतच होतं. अण्णानं वॉचमनला सांगून सभा होईपर्यंत वाढवून दिलं. तेवढं केलं.

रवि. २ नोव्हें.

शेठचा निरोप. रोजच्या रोज काहीतरी हातावर ठेवीन, बिल्ल्याचं आणि संघटनेचं नाव काढू नका. आमच्यातल्या दोघी उद्यापासून जाणार हायेत.

म्हणजे मजुरी देऊन राह्यला. आठ दिवसांपूर्वी आम्ही कामालाच नव्हतो. आता हातावर ठेवणार, पण तो ठेवीन तेवढं, तो ठेवीन तोपर्यंत. नको वाटलं की झालं.

त्या दोघींना शिव्या द्यायला निघाल्ते. एकीच्या दारात गेले तर तिची सासू खाटेवर, लेकरू रडून राह्यलं, चूल पेटवायची होती. मातेरं बंद केलं मीच. माझ्या घरी लेक कमावतो, म्हणून मला मोठं बोलता येतं. चूल पेटवून दिली आणि आले. बोलले न्हाई काही. बोलायला पाह्यजे होतं, अजून बी वाटतंय.

ग.बाई म्हणली, "आणखी दोन दिवसांत मी बी जाईन हा, सांगून ठेवते. माझं बी पोट हाये."

ती जाणार न्हाई. पण सांगून ठेवते.

मंग. ४ नोव्हें.

उद्या सभा. पौर्णिमेचा मोंढा बंद असतो, म्हणून उद्या. चाळणीवाल्यांना संघटनेत घ्यायचं का, बिल्ला द्यायचा का. मत सभासदांचं. सभासद सगळे पुरुष.

बिल्ल्यावर काय लिहायचं याच्यावरूनच आधी भांडण झालं. ताई म्हणल्या 'चाळणी कामगार'. अण्णा म्हणले, घेतलंच तर 'महिला विभाग' लिहू. ग.बाई म्हणली, "हमालच लिहा. दुसरं लिहिलं तर दुसरंच वागवताल." अण्णानं डोक्याला हात लावला. म्हणले, आधी मत तर होऊ द्या. "तुम्ही बाया मागं बसा, ऐका. पण बोलायचं न्हाई. सभासद न्हाईत तुम्ही."

सभासद व्हायचं का न्हाई ते ठरणार, तिथं बोलायचं न्हाई, कारण सभासद न्हाई. डोकं फोडून घ्यावं.

चिठ्ठ्या टाकून मत घेणार. आमचे हे बी सभासद. पाठ गेली तरी मत हाये. सकाळपासूनच तयारी, दाढी केली, उद्याचं धोतर काढून ठेवलं, बिल्ला चिंचेनं घासला. संध्याकाळी विचारलं, तुमचं मत कोणीकडं?

म्हणाले, "मत गुप्त असतं."

"मला बी?"

"संघटनेचा नियम हाये. आम्हीच केला. शेठला कळू नये म्हणून."

"मी शेठ हाये का?"

"नियम म्हणजे नियम."

आणि पट्टा बांधून घ्यायला पाठ माझ्याकडं केली. बांधला. जरा जास्तच आवळला. ओय केलं न्हाई त्यांनी, म्हणजे त्यांना बी कळलं. पण मत सांगितलं न्हाई. इतक्या वर्षांचा माणूस, जेवताना मीठ कमी हाये हे न बोलता कळतं मला, आणि हे कळंना.

शेठच्या वेळेला चिठ्ठी बराबर होती. आता शेठ कुठंय त्या हॉलमध्ये? आता लपून राहणार ते आपल्यापासूनच.

ठरवलंय. उद्या चिठ्ठ्या वाटायला लागले की उठायचं आणि एवढंच म्हणायचं, चिठ्ठी नको, हात वर करा. ग.बाईला सांगून ठेवलंय, माझ्या शेजारीच बस. मला कोणी खाली बसवलं तर तू ऊठ.